सही शेवटी बघा: बेसबॉलपटूंच्या नावावरची बनावट पत्रं कशी पकडायची

अमेरिकेचा गाजलेला बेसबॉलपटू बेब रूथ याच्या नावाचं पत्र हातात आलं की बहुतेकांची नजर आधी तळाशी, सहीवर जाते. मग मोबाइलवर सहीचा एखादा नमुना शोधायचा, दोन्ही शेजारी धरायचे, ‘आर’चं वळण जुळलं की पैसे मोजायचे. फसगत होते ती इथेच. बनावट करणाऱ्याने रात्री जागवून घोटलेली गोष्ट म्हणजे सही. कागद, टपाल, तारीख, मजकूर यांवर त्याने तेवढे कष्ट घेतलेले नसतात. म्हणून तपासणी उलटीकडून करायची. त्याने ज्याची सर्वात कमी फिकीर केली तिथून सुरुवात आणि सही अगदी शेवटी.

अमेरिकेतल्या इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) किंवा ऑनलाइन लिलावात असं पत्र दिसलं म्हणून मला फोटो पाठवणारे आपले बरेच लोक आहेत. त्यातले निम्मेअधिक फोटो फक्त सहीचे असतात. त्यावरून काहीही सांगता येत नाही, आणि का ते खाली येईलच.

१. तयारी

दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, साधा एलईडी टॉर्च, पारदर्शक पट्टी आणि पेन्सिल एवढं पुरे. टेबलावर पेन ठेवायचं नाही. जुन्या कागदाशेजारी उघडं पेन म्हणजे अपघाताला आमंत्रण. हात धुऊन कोरडे करा, पत्राच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पाकीट असेल तर त्याच्याही. पुढचं बरंचसं काम स्कॅनवरच होतं.

मग वहीचं एक पान उभं दुमडून दोन रकाने करा. डावीकडे लिहा ‘अशक्य’, उजवीकडे ‘खटकतं’. तपासताना जे सापडेल ते यांपैकी एका रकान्यात जाईल. ‘अशक्य’मध्ये एक जरी नोंद पक्की झाली तर तिथेच थांबायचं, पुढे अक्षर कितीही सुंदर जुळो. ‘खटकतं’मध्ये दोन-चार नोंदी खऱ्या पत्रातही निघतात. या दोन रकान्यांची गल्लत करणारे एक तर प्रत्येक पत्राला खोटं म्हणतात, नाही तर एकालाही म्हणत नाहीत.

आता नमुने. तुलनेसाठी त्या खेळाडूच्या हातचे निदान आठ-दहा नमुने हवेत, तेही पत्राच्या तारखेच्या मागच्यापुढच्या चार-पाच वर्षांतले. उत्तम नमुने म्हणजे ज्यांची बनावट करण्यात त्या काळी कोणाला रस नव्हता असे कागद: वटलेले चेक, करार, मृत्युपत्र, घराचे दस्त, १९१७-१८ ची लष्करी नोंदणी कार्डं. ही कार्डं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि रूथचंही त्यात आहे.

सावधान: लिलावांच्या जुन्या यादीतले फोटो नमुना म्हणून घेऊ नका. त्यातलं एखादं खोटं असेल तर तुम्ही खोट्याची खोट्याशी तुलना करून खूश व्हाल. चेंडूवरची सहीही पत्रासाठी नमुना ठरत नाही. गोल, निसरड्या चामड्यावर हात वेगळा चालतो.

२. पत्र आलं कुठून

विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: हे कोणाला लिहिलं होतं, त्या माणसाकडून तुमच्यापर्यंत कसं आलं, आणि यातलं कागदोपत्री काय आहे. ‘आमचे आजोबा क्लबहाउसमध्ये कामाला होते’ ही गोष्ट आहे, पुरावा नाही. आजोबांच्या नावाचं पाकीट, त्याच हातची आणखी दोन पत्रं, जुन्या विक्रीची पावती, यांना पुरावा म्हणतात.

सोबत आलेल्या प्रमाणपत्राला या टप्प्यावर शून्य किंमत द्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयने सॅन दिएगोहून ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवून बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा प्रमाणपत्रं हा त्या धंद्याचाच भाग निघाला. जुने वाटावेत म्हणून चेंडूंना शेलॅक (लाखेचं रोगण) फासलं जायचं, आणि त्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते. कलकत्त्यात त्यांच्यापुढे बेसबॉल कोणी आणि का धरला असेल, एवढा साधा प्रश्न पडला असता तरी कित्येकांचे पैसे वाचले असते.

मेजर लीग बेसबॉलचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा) होलोग्राम १९२० च्या पत्रावर चिकटवलेला दिसला तर सरळ ‘अशक्य’मध्ये टाका. ती योजना २००१ ची आणि अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर झालेल्या सह्यांसाठीची आहे.

आणखी एक शक्यता विसरली जाते. पत्र खरं आणि चोरीचं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या स्पॉल्डिंग या बेसबॉलच्या संग्रहातून गेल्याचा संशय असलेली, एकोणिसाव्या शतकातले संघव्यवस्थापक हॅरी राइट यांना आलेली पत्रं २००९ मध्ये लिलावात आली आणि एफबीआयच्या चौकशीनंतर मागे घेतली गेली. कागदावर खोडलेला शिक्का, खरवडलेला क्रमांक किंवा वहीतून फाडल्यासारखी कड दिसली तर खरेपणा तपासण्याआधी मालकी तपासा.

३. मजकूर वाचा, कॅलेंडर उघडा

हा सर्वात स्वस्त टप्पा आणि लोक नेमका हाच गाळतात.

आधी तारीख. वार लिहिलेला असेल तर जुळवून बघा. १२ जून १९३९ हा सोमवार होता. पत्रात मंगळवार असेल तर ते खटकतं, अशक्य नाही. वार आपणही चुकतो.

मग त्या दिवशी संघ कुठे होता ते बघा. मेजर लीगच्या जुन्या सामन्यांची दिवसवार नोंद इंटरनेटवर फुकट मिळते. बॉस्टनच्या हॉटेलच्या लेटरहेडवरचं पत्र, आणि संघ त्या दिवशी सेंट लुइसला? खटकतं. हॉटेलचे कोरे कागद बॅगेत टाकून नेणारे खेळाडू असायचेच, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.

निकाल मिळतो तो काळाच्या चुकांवर. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम १८ एप्रिल १९२३ ला सुरू झालं. १९२१ च्या पत्रात त्याचं नाव असूच शकत नाही. निवडक खेळाडूंची पहिली ऑल-स्टार लढत ६ जुलै १९३३ ची. बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेम या संस्थेसाठी पहिली निवड १९३६ ची. १९२५ च्या पत्रात ‘पहिलं महायुद्ध’ असा उल्लेख आला तर थबका: दुसरं होण्याआधी ‘पहिलं’ म्हणणारे अगदी थोडे होते.

सर्वात बारीक सापळा रूथच्या जन्मतारखेचा आहे. आपण ७ फेब्रुवारी १८९४ ला जन्मलो अशीच त्याची समजूत होती. १९३४ मध्ये जपान दौऱ्याच्या पासपोर्टसाठी जन्मदाखला काढला तेव्हा त्यावर ६ फेब्रुवारी १८९५ निघालं. आजच्या संदर्भग्रंथांत हीच तारीख असते. १९२६ च्या पत्रात रूथ स्वतःच्या तोंडाने ६ फेब्रुवारी १८९५ सांगत असेल, तर लिहिणारा संदर्भग्रंथ उघडून बसला होता.

आणि सूर ऐका. खरी पत्रं कंटाळवाणी असतात. तिकिटांची व्यवस्था, शिकार, भाडं, ‘तुझं पत्र मिळालं, उशीर झाला’. बनावट पत्रात मात्र नायक नेमका त्याच प्रसंगावर बोलतो ज्यावर आज ग्राहक पैसे मोजेल: १९१९ चं सट्टेबाजीचं प्रकरण (पैसे घेऊन खेळाडू मुद्दाम हरल्याचं), किंवा १ ऑक्टोबर १९३२ ला रिग्ली फील्डवर रूथने आधी बोट दाखवून मग तिथेच मारलेला म्हणतात तो होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेला फटका. अशा पत्राची किंमत साध्या पत्राच्या कितीतरी पट, म्हणून तपासणीही तितकीच कडक.

तपासून घ्या: पत्रातलं प्रत्येक नाव, गाव आणि घटना अधोरेखित करून (स्कॅनच्या छापील प्रतीवर, मूळ पत्रावर नव्हे) प्रत्येकीसमोर वर्ष लिहिलं का?

४. पाकीट आणि टपाल

खरं जुनं पाकीट आणि आत नवं पत्र, ही जोडी फार खपते. आधी घडी बघा. पत्र त्याच्या घड्यांवर दुमडून पाकिटात सहज बसतं का? पाकिटावरचा पत्ता आणि आतला मजकूर एकाच हातचा, एकाच शाईचा आहे का? शिक्क्याची तारीख पत्राच्या तारखेच्या एक-दोन दिवस पुढे आहे का?

मग टपालाचे दर. साध्या पत्राला १ जुलै १९१९ पासून २ सेंट, ६ जुलै १९३२ पासून ३ सेंट, १ ऑगस्ट १९५८ पासून ४ सेंट. यात एक खाच आहे. गावातल्या गावात जाणाऱ्या पत्राला १९३३ ते १९४४ या काळात पुन्हा २ सेंटच लागत. तेव्हा १९३८ च्या पाकिटावर २ सेंटचं तिकीट पाहून लगेच ओरडू नका. आधी पत्ता वाचा.

पत्त्यातले आकडे त्याहून बोलके. ‘न्यूयॉर्क १६’ अशी विभागसंख्या १९४३ पासूनची. पाच आकडी झिप कोड आणि राज्यांची दोन मोठ्या अक्षरांतली टपाली संक्षिप्त नावं १९६३ पासूनची, आणि रूथच्या काळातला दुसरा मोठा खेळाडू टाय कॉब १७ जुलै १९६१ ला गेला. त्याच्या छापील लेटरहेडवर झिप कोड असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

तिकीट शिक्क्याच्या आधी निघालेलं हवं, हे सांगायला नकोच. कूपरस्टाउनला १२ जून १९३९ ला निघालेल्या बेसबॉल शताब्दीच्या ३ सेंटी तिकिटाची पहिल्या दिवसाची पाकिटं (तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याची) मात्र जपून घ्या. ती खरी आणि सहज मिळणारी आहेत, म्हणूनच त्यांवर मागाहून सह्या चढतात.

५. कागद

प्लास्टिकच्या कव्हरमधून पत्र बाहेर काढा, खोलीत अंधार करा, अतिनील टॉर्च मारा. कागद उजळवणारी रसायनं साधारण १९५० च्या सुमारास सर्रास वापरात आली. रूथ १६ ऑगस्ट १९४८ ला वारला. त्याच्या १९३० च्या पत्राचा कागद निळसर-पांढरा चमकला, तर ते ‘अशक्य’च्या दारात उभं आहे.

सावधान: प्लास्टिक कव्हर, टेबलक्लॉथ, साबणात धुतलेल्या रुमालाचे तंतू, सगळंच चमकतं. कव्हरमधूनच टॉर्च मारून खरं पत्र खोटं ठरवणारे मी पाहिले आहेत. एकदा मीही ठरवलं होतं.

न चमकणं हा मात्र खरेपणाचा पुरावा नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं आणि जुन्या हॉटेलांचे न वापरलेले लेटरहेड बनावट करणाऱ्यांचा कच्चा माल असतात. पुस्तकाचं पान एका कडेने ओळखू येतं: तीन कडा सारख्या जुन्या, चौथी ताजी कापलेली, किंवा तिथे शिवणीची भोकं, गोंदाचा माग.

चहात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे एकसारखा तपकिरी दिसतो आणि पाणी सुकल्याच्या रेषा सोडतो. खरं म्हातारपण कडांना आणि घड्यांना आधी येतं, आतल्या भागाला उशिरा. पत्र उजेडासमोर धरून वॉटरमार्कही बघा. काही कारखाने त्यात छोटीशी खूण ठेवून सालही नोंदवत.

६. शाई, घडी आणि डाग

अमेरिकेत बॉलपेन पहिल्यांदा दुकानात विकलं गेलं २९ ऑक्टोबर १९४५ ला, न्यूयॉर्कच्या गिम्बल्समध्ये, साडेबारा डॉलरला. जुन्या खेळाडूंपैकी क्रिस्टी मॅथ्यूसन १९२५ मध्ये गेला, लू गेरिग २ जून १९४१ ला. यांच्या नावाचं बॉलपेनचं पत्र म्हणजे ‘अशक्य’. रूथच्या बाबतीत जेमतेम तीन वर्षांची खिडकी उरते. कॉबने बॉलपेन वापरलं तर नवल नाही, पण शार्पी हे मार्कर पेन १९६४ चं.

भिंगाखाली ओळख सोपी आहे. बॉलपेनची रेघ कागदात चर पाडते आणि वळणानंतर शाईची गुठळी टाकते. फाउंटन पेनची निब दाबली की दोन पाती फाकतात, रेघेच्या दोन्ही कडा गडद होतात. शाईऐवजी रंगीत ठिपके दिसले तर तो प्रिंटर. पत्र उलटं करून तिरका उजेड टाका. लिहिलेल्या कागदाला मागून दाब जाणवतो, छापील नकलेला नाही. चाहत्यांना हस्ताक्षराची छापील नक्कल पाठवण्याची पद्धत होती, त्यामुळे ती जुनी असूनही हस्तलिखित नसते.

आता माझी सर्वात लाडकी कसोटी. खरं पत्र आधी लिहिलं जातं आणि मग दुमडलं जातं, म्हणजे घडीवर शाईची रेघ मोडलेली, झिजलेली दिसायला हवी. जुन्या, आधीच घडी पडलेल्या कागदावर आज लिहिलं तर घडीतले तंतू तुटलेले असल्याने शाई तिथे पसरते, लहानसा फराटा फुटतो. जुन्या डागावरून गेलेली रेघही तशीच फुटते. डाग शाईवर हवा. शाई डागावर नको.

सावधान: ओला कापूस लावून ‘शाई विरघळते का’ हे कधीही बघू नका. खरं पत्र नासवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

कॉबबद्दल जाता जाता: उतारवयात तो हिरव्या शाईने लिहायचा. हे सगळ्यांना माहीत आहे, बनावट करणाऱ्याला तर आधी. हिरवी शाई दिसली म्हणून कुठल्याच रकान्यात काही लिहू नका.

७. अक्षर

इथवर ‘अशक्य’ रिकामा असेल तरच अक्षराकडे वळा.

पहिली चूक म्हणजे शाळेच्या कित्त्यालाच खेळाडूचं वळण समजणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन शाळांत पामर पद्धतीचा कित्ता गिरवला जायचा. त्या पिढीतल्या हजारो माणसांचे ‘आर’, ‘बी’ आणि ‘टी’ एकाच घराण्यातले दिसतात. ते जुळलं तर एवढंच कळतं की लिहिणारा त्या काळच्या कित्त्यावर गिरवून शिकला, किंवा त्याने तो कित्ता मिळवला. रूथ खेळायचा डावखुरा, पण लिहायचा उजव्या हाताने, बाल्टिमोरच्या शाळेत शिकवलेलं बऱ्यापैकी नीट अक्षर. ‘डावखुऱ्याचा कल दिसतो’ अशी तारीफ करत कोणी त्याचं पत्र विकत असेल तर हसून पुढे जा.

पाहायचं ते असं. स्कॅन उलटा करा, म्हणजे शब्द वाचता येणार नाहीत आणि फक्त हालचाल दिसेल. सुरुवात मधल्या परिच्छेदापासून करा. पहिल्या दोन ओळी बनावट करणारा जिवाच्या कराराने लिहितो, शेवटच्या ओळीत सहीजवळ पुन्हा सावध होतो. मध्ये कंटाळतो आणि त्याचा स्वतःचा हात बाहेर येतो. पहिल्या आणि नवव्या ओळीतला एकच छोटा शब्द कापून शेजारी ठेवा. मोठी अक्षरं सोडा, ती सगळेच घोटतात. शब्दांमधलं अंतर, ‘टी’ची आडवी रेघ कुठे सुरू होते, ‘आय’वरचा ठिपका किती पुढे पळतो, ओळ चढते की उतरते, समास कसा सोडला आहे हे बघा. या गोष्टी लिहिणाऱ्यालाही आपण करतो हे माहीत नसतं.

मग भिंग. वेगाने लिहिणाऱ्याची रेघ हवेतून येते आणि हवेत जाते, म्हणून टोकं निमुळती. चित्र काढल्यासारखं लिहिणाऱ्याची टोकं बोथट, मध्येच पेन उचललेलं, जोड पुन्हा डागडुजी केलेला. थरथरीचाही फरक आहे. म्हाताऱ्याचा हात सगळीकडे थरथरतो, अगदी साध्या डॅशमध्येही. नकलाकाराचा हात अवघड वळणावर थरथरतो आणि डॅश मात्र झोकात मारतो.

तपासून घ्या: एकाच पत्रातले पाच ‘ई’ किंचित वेगळे आहेत का? अगदी एकसारखे असतील तर ते जास्त खटकायला हवं.

आता माणसं ओळखा. शूलेस जो जॅक्सनला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. तो कशीबशी सही गिरवायचा, पत्रव्यवहार बायको केटी करायची. त्याच्या हातचं दोन पानी पत्र कोणी देऊ केलं तर भिंग काढायचीही तसदी नको. गेरिगच्या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचं निदान जून १९३९ मध्ये झालं आणि हात जात गेले. त्यानंतरचं ठणठणीत, लांबलचक पत्र त्याचं नसण्याचीच शक्यता जास्त. बायकोने किंवा सेक्रेटरीने लिहिलेलं पत्र बनावट नव्हे, पण ते ‘त्याच्या हातचं’ म्हणून विकणं ही फसवणूकच.

आणि मोठ्या संस्थेत आहे म्हणून नमुना पक्का, असंही धरू नका. हॉल ऑफ फेमकडे असलेली टाय कॉबच्या नावाची १९४६ ची डायरी एफबीआयच्या प्रयोगशाळेने तपासली आणि २००९ मध्ये ती कॉबच्या हातची नसल्याचं ठरलं. तोवर तिचे फोटो नमुना म्हणून किती जणांनी वापरले असतील!

८. आता सही

सही मजकुराच्याच शाईची, त्याच निबेची, त्याच वेगाची आहे का, हे आधी. मजकूर धावता आणि सही कोरीव, असं दिसलं तर खटकायला हवं.

ती एखाद्या प्रसिद्ध नमुन्याशी तंतोतंत जुळते का? स्कॅन एकावर एक ठेवून बघा. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. पूर्ण जुळली तर ती गिरवलेली. तिरक्या उजेडात शेजारी कोरडा चर किंवा पेन्सिलीचा माग सापडला तर बोलणंच संपलं.

सवयींचा काळही जुळवा. रूथ आधीच्या वर्षांत ‘बेब’ला अवतरणचिन्हं लावायचा, पुढे ती सवय सुटली. फक्त याच्यावर निकाल नको, पण दोन्हींचे नमुने जवळ ठेवा.

सर्वात फसवा प्रकार उलटा असतो: सही खरी, पत्र खोटं. ऑटोग्राफ वहीतलं पान घ्यायचं, वरच्या कोऱ्या जागेत पत्र लिहायचं. अशा पत्रात ओळी खाली जाता जाता दाटीवाटीने येतात किंवा उगाच विरळ होतात, कारण सहीची जागा आधीच ठरलेली असते. ‘वाय’ किंवा ‘जी’ची शेपटी सहीला छेदत असेल तर भिंगाने बघा, वर कोणती शाई आहे. फक्त सहीचा फोटो पाठवणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही, ते यामुळेच.

९. बाहेरचं मत

एवढं करूनही ‘अशक्य’ रिकामा असेल तर पीएसए, जेएसए किंवा बेकेटसारख्या तपासणी संस्थेकडे पाठवा. महागडं पत्र असेल तर स्वतंत्र हस्ताक्षरतज्ज्ञाकडेही. फोटोवरून मिळणारं झटपट मत आणि प्रत्यक्ष पत्र हाताळून दिलेलं लेखी मत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरंच मागा. ‘फक्त सही तपासली की सगळा मजकूरही?’ हे लेखी विचारा. बहुतेक वाद त्या एका ओळीवरून होतात.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून परताव्याची अट, मुदतीसह, कागदावर घ्या. खोटं निघालं तर त्यावर स्वतः काही खरडू नका, फाडू नका, ‘जसं आहे तसं’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. परत पाठवताना दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि वहीचं ते पान स्वतःकडे ठेवा. तेच पत्र सहा महिन्यांनी नव्या आजोबांसह पुन्हा विक्रीला येतं, आणि तेव्हा ते घडीवरच्या शाईच्या फराट्यावरून ओळखता येतं.